गूळ सगळ्यात शेवटी: एका कढईतल्या आंबट-गोड चिकनबद्दल तुमचे प्रश्न

एकाच कढईत होणारं, जरा गोडसर, जरा खारट-आंबट चिकन. या विषयावर या वेळी ठाणे आणि नवी मुंबईकडून इतके प्रश्न आले, की सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी पुष्कळशा तक्रारींचं मूळ एकच आहे. एका भांड्यात करायचं म्हणून सगळं एकदम भांड्यात पडतं. भांडं एक असलं तरी क्रम सोडून चालत नाही. आधी पाणी उडायला हवं, मग रंग यायला हवा, मग मांस शिजायला हवं आणि गोडाची पाळी त्यानंतर.

ठाणे-पनवेल लोकलने घरी पोहोचेपर्यंत आठ वाजतात. भाजी आणि चिकन एकत्र, चार माणसांना पुरेल, मुलंही आवडीने खातील असं गोडसर काही पाऊण तासात होईल का? मापं कृपया ग्रॅममध्ये द्या, आमच्याकडे तीन आकारांच्या वाट्या आहेत.
– एक वाचक, नेरूळ

होतं. पहिल्यांदा करताना पाऊण तास धरा, हात बसल्यावर पस्तीस मिनिटं पुरतात.

चिकन 600 ग्रॅम, बिनहाडाचं आणि मांडीचं. दुकानात नुसतं ‘बोनलेस’ म्हटलं की बहुतेक वेळा छातीचं मांस मिळतं, म्हणून ‘थाय बोनलेस’ असं स्पष्ट सांगा आणि तुकडे चार-पाच सेंटीमीटरचे करून घ्या. त्याहून बारीक तुकडे रंग येण्याआधीच शिजून आखडतात. दोन मध्यम कांदे (साधारण 200 ग्रॅम) मोठे चौकोनी चिरून, पाकळ्या सुट्ट्या करून. एक मोठी ढोबळी मिरची, एक गाजर पातळ तिरकं कापून. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढं आलं, दोन्ही बारीक चिरून. पेस्ट नको, ती तळाशी धरते. तेल दोन मोठे चमचे.

सॉससाठी सोया सॉस 30 मिली, म्हणजे दोन मोठे चमचे, साधं पांढरं व्हिनेगर एक मोठा चमचा, पाणी 60 मिली, काश्मिरी तिखट एक चहाचा चमचा, मिरपूड अर्धा. आणि वेगळ्या वाटीत गूळ 40 ग्रॅम, चिरून, तीन मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवलेला. हे गुळाचं पाणी चहाच्या गाळणीतून गाळा. सुट्या गुळात बारीक कचरा किंवा रेतीचा कण निघतोच, आणि इतक्या दाट सॉसमध्ये तो दाताखाली लगेच येतो. शेवटी लागलं तर एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर, दोन मोठे चमचे गार पाण्यात कालवून.

भांडं तळाशी किमान 28 सेंटीमीटर रुंद आणि पसरट हवं. जाड बुडाची स्टीलची कढई किंवा मोठा फ्राय पॅन, दोन्ही चालतील.

तुकडे कोरड्या कापडाने किंवा टिश्यूने टिपून कोरडे करा आणि कढईत घालायच्या अगदी आधी त्यांना अर्धा चहाचा चमचा मीठ आणि मिरपूड लावा. स्टीलची कढई मध्यम-मोठ्या आचेवर तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो जागच्या जागी आटून न जाता गोळी होऊन पळायला हवा. मग तेल, मग निम्मे तुकडे, एकमेकांना न चिकटवता. आता तीन-साडेतीन मिनिटं हात लावायचा नाही, आणि हेच सगळ्यात अवघड असतं. तुकडा तळाला चिकटलाय असं वाटतं, पण खालून खरपूस पापुद्रा आला की तो आपोआप सुटतो. उलथन्याने ढकलून सुटला नाही, तर अजून अर्धा मिनिट थांबा. उलटवून दोन मिनिटं, मग ताटलीत काढा. उरलेले तुकडेही तसेच. या वेळी मांस आत कच्चंच असतं, तसंच राहू द्या.

त्याच कढईत कांदा आणि गाजर. मोठ्या आचेवर चार मिनिटं परता, कांद्याच्या कडा तपकिरी व्हायला हव्यात, गाभा मात्र करकरीत राहू द्या. आच मध्यम करून आलं-लसूण एक मिनिट. आता सोया, व्हिनेगर, पाणी आणि तिखट एकत्र करून ओता. चर्र आवाज होईल, भरपूर वाफ येईल, आणि तळाला लागलेला सगळा तपकिरी थर सुटायला लागेल. तो लाकडी कालथ्याने खरवडून घ्या. या पदार्थाची निम्मी चव तिथे आहे. तो काळा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा सॉस ओतण्याआधी कांदा ताटलीत काढा, कढई पुसून घ्या आणि तो थर सोडून द्या.

चिकन ताटलीत सुटलेल्या रसासकट परत घाला. झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं. ही ताटली लगेच साबणाने धुवा, वाढायला वापरू नका, तिच्यावर कच्च्या चिकनचं पाणी लागलेलं असतं. झाकण काढून ढोबळी मिरची घाला आणि आता गुळाचं पाणी. आच मध्यम, आणि यापुढे गॅसपासून हलायचं नाही. सुरुवातीला बुडबुडे बारीक आणि फेसाळ असतात. तीन-चार मिनिटांत ते मोठे, संथ आणि तुकतुकीत होतात. कालथा तळावरून ओढा. मागे उघडा पडलेला पट्टा दोन सेकंद तसाच राहिला की गॅस बंद. गार होताना सॉस आणखी आळतो, म्हणून कढईत तो हवा त्यापेक्षा किंचित पातळ दिसताना थांबा. एवढं करूनही पातळ राहिला तरच कॉर्नफ्लोअर, आणि ते घातल्यावर एक मिनिट उकळी द्या, नाहीतर पिठूळ चव राहते.

वरून भाजलेले तीळ आणि कांद्याची पात. सोबत गरम भात, वाडा कोलम असला तर उत्तम, कारण त्याचे दाणे मऊ असूनही सुटे राहतात आणि सॉस धरतात. पोळीबरोबर खायचं असेल तर सॉस अजून थोडा आटवा.

मिठाबद्दल एक सांगायला हवं. दोन मोठे चमचे सोया सॉसमधून साधारण साडेचार-पाच ग्रॅम मीठ येतं. म्हणून वर अर्धाच चमचा मीठ दिलं आहे. चव न घेता सवयीने आणखी घातलं, तर पदार्थ हाताबाहेर जातो आणि मग गूळ वाढवून तो सावरत नाही.

चिकनला सोया सॉस, गूळ आणि आलं-लसूण लावून दोन तास मुरवलं. तव्यावर टाकताच बाहेरून काळं, आतून कच्चं आणि चव कडू. गॅस तर मध्यमच होता. काय चुकलं?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

गूळ मुरवणीत गेला, एवढंच चुकलं.

मांसाला रंग यायला त्याचा पृष्ठभाग साधारण 140 अंशांच्या वर जावा लागतो. गुळात साध्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि फ्रुक्टोज 110 अंशांच्या आसपासच तपकिरी व्हायला लागतं. म्हणजे चिकनला रंग येईपर्यंत गुळाची पायरी केव्हाच ओलांडलेली असते. त्यात तुकड्याच्या आतला भाग अजून तापलेलाही नसतो. बाहेरून काळं आणि आतून कच्चं असं होतं ते यामुळे. मधाने तर हे आणखी लवकर होतं, त्यात फ्रुक्टोज जास्त असतं.

कढईत पाणी आहे तोवर गुळाला धोका नाही, कारण पाणी असताना तळाचं तापमान शंभराच्या फार वर जात नाही. पाणी संपत आलं की ते झपाट्याने चढतं. एकतारी पाक पुढे नेताना जो अंदाज ठेवता, तोच इथे ठेवा. सॉस तुकतुकीत दिसल्यापासून करपेपर्यंत मध्ये फार तर दीड-दोन मिनिटं असतात.

मुरवायचंच असेल तर सोया, मिरपूड आणि आलं-लसणाचा गाळलेला रस लावून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि परतण्याआधी टिपून घ्या. सोया मुरवणीत गेला तर सॉसमधला तितकाच कमी करा.

पुन्हा कधी तळ लागलाच तर ढवळू नका. वरचं वर दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, खरवडू नका. कडवटपणा गूळ किंवा लिंबू घालून झाकला जात नाही. स्टीलच्या कढईत दोन पेले पाणी आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, थर निघतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात सोडा उकळू नका, ते काळं पडतं. त्यात नुसतं गरम पाणी घालून रात्रभर ठेवा.

माझं चिकन कधीच खरपूस होत नाही. टाकलं की पाणी सुटतं आणि ते त्या पाण्यातच पांढरट उकडून निघतं. मोठा गॅस करूनही तेच.
– एक वाचक, ऐरोली

चार ठिकाणं तपासा.

पहिलं, भांडं. अर्धा किलोहून जास्त चिकन 22-24 सेंटीमीटरच्या पॅनमध्ये एकदम टाकलं की भांड्याचा ताप एका दमात उतरतो. तुकड्यांतून सुटलेलं पाणी उडून जायला जागाही राहत नाही. दोन खेपा करा. यात पाचच मिनिटं जास्त जातात. मोठा गॅस करून हे भरून निघत नाही, कारण घरच्या बर्नरची ताकद तेवढी नसते.

दुसरं, बर्फ. गोठवलेलं चिकन पूर्ण सुटायला रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं लागतं. घाई असेल तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. ओट्यावर तासन्‌तास ठेवून सोडवू नका. आपल्याकडच्या हवेत बाहेरचा थर गरम होतो तेव्हा आतला दगडच असतो. सुटल्यावर त्यातून बरंच पाणी निघतं, ते टाकून द्या आणि तुकडे टिपा.

तिसरं, धुणं. नळाखाली चिकन धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट त्याचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर, धुतलेल्या भांड्यांवर उडतात. जंतू मारायचं काम शिजवण्याने होतं. तरीही धुतल्याशिवाय मन मानत नसेल, तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने बुचकळा, ते पाणी शिंतोडे न उडवता ओता आणि सिंक साबणाने घासा. मग तुकडे अगदी कोरडे करा. ओलं चिकन तापल्या तेलात टाकलं की पहिली दोन-तीन मिनिटं फक्त ते पाणी उडवण्यात जातात.

चौथं, मीठ. मीठ लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की मिठाने ओढलेलं पाणी वर आलेलं असतं आणि परत आत मुरलेलं नसतं. त्यामुळे मीठ एकतर कढईत टाकताना लावा, नाहीतर पाऊण तास आधी लावून फ्रिजमध्ये उघडं ठेवा.

लोखंडी कढई चालेल का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

चिकन परतायला उत्तम, सॉससाठी नाही. व्हिनेगर, चिंच, कोकम यांतला आंबटपणा लोखंडाशी लागला की सॉस काळपट होतो आणि धातूची चव येते. मुरलेल्या बिडाच्या तव्यावरचा तेलाचा थरही आंबटात उकळून निघतो. साध्या अ‍ॅल्युमिनियमचंही तेच. स्टील किंवा नॉनस्टिक घ्या. नॉनस्टिक मात्र रिकामं ठेवून मोठ्या आचेवर तापवू नका. साधारण 260 अंशांच्या वर त्याचा थर बिघडायला लागतो आणि रिकामा पॅन तिथवर काही मिनिटांतच पोहोचतो. तेल आधी घाला, आच मध्यम ठेवा. खरपूसपणा थोडा कमी येईल, तो सोसा.

घरात सोया सॉस चालत नाही. आपल्या पद्धतीने, चिंचगुळात करता येईल का? बटाटा घालायचा आहे, पण मागे केलं तेव्हा तो अर्धा तास शिजवूनही टणकच राहिला.
– एक वाचक, कळवा

येईल, आणि आमच्या मते भाताबरोबर हा प्रकार सोयापेक्षा सरस लागतो. चिंचगुळाच्या आमटीची चव जिभेवर असलेल्यांना वेगळं काही शिकावं लागत नाही.

छोट्या लिंबाएवढी चिंच, साधारण 15 ग्रॅम, अर्धा पेला कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळ काढा आणि गाळा. साठ-सत्तर मिली दाट कोळ मिळायला हवा. वरच्या कृतीत सोया आणि व्हिनेगरच्या जागी हा कोळ, गूळ 45 ग्रॅम, आणि गोडा मसाला एक चहाचा चमचा. मसाला आलं-लसणाबरोबर तेलात फक्त दहा-पंधरा सेकंद परता. सोया गेला म्हणजे मीठही गेलं, म्हणून चिकनला लावलेल्या अर्ध्या चमच्याशिवाय सॉसमध्ये आणखी पाऊण ते एक चहाचा चमचा मीठ लागतं. सोयातला मांसल खारटपणा मात्र नुसत्या मिठाने येत नाही. तो भरून काढायला कांदा सात-आठ मिनिटं चांगला तपकिरी होईपर्यंत परता आणि भाजलेलं सुकं खोबरं एक मोठा चमचा, कुटून घाला. कॉर्नफ्लोअरची गरज उरत नाही, खोबऱ्यानेच अंगाबरोबर रस्सा होतो.

उन्हाळ्यात अलिबागचा पांढरा कांदा माळेने विकायला येतो, तो यात वापरून पाहा. तो मुळातच गोड असतो, मग गूळ 35 ग्रॅम पुरतो.

चिंचेऐवजी कोकम घ्यायचं तर पाच-सहा आमसुलं अर्धा पेला गरम पाण्यात भिजवा. आगळ वापरत असाल तर आधी चाखा. त्यात मीठ असतंच, आणि किती ते प्रत्येक बाटलीगणिक बदलतं.

आता बटाटा. तो टणक राहिला यात बटाट्याचा दोष नव्हता. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात सहज विरघळत नाही, त्यामुळे चिंच पडल्यावर बटाटा, गाजर, फरसबी जिथे असतील तिथेच अडकतात. नुसतं शिजवत राहिलं तर चिकनचा चोथा होतो आणि बटाटा तसाच. दोन सेंटीमीटरच्या फोडी करा. चिकन परतून बाहेर काढल्यावर त्याच तेलात त्यांना तीन मिनिटं परता, पाव पेला पाणी आणि चिमूटभर मीठ घालून झाकणाखाली आठ-दहा मिनिटं शिजवा. सुरी सहज आत गेली की मगच कांदा, मसाला आणि कोळ. यापुढे फोडी आणखी मऊ होणार नाहीत, पण फुटणारही नाहीत. आंबटाचा तेवढा फायदाच आहे.

सोबत राहणाऱ्या सासूबाईंना मधुमेह आहे. साखरेऐवजी गूळ घातला तर त्यांना चालेल ना? दोन वेगळ्या भाज्या करायला वेळ नसतो.
– एक वाचक, सानपाडा

गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. त्यात थोडी खनिजं असली तरी रक्तातली साखर तो वाढवतोच. मधाचंही तसंच. ‘नैसर्गिक आहे, चालतं’ या समजुतीवर विसंबू नका.

या कृतीचा क्रम मात्र तुमच्या उपयोगाचा आहे. गूळ शेवटी पडतो, तेव्हा झाकणाखाली चिकन शिजल्यावर, गुळाचं पाणी घालण्याआधी त्यांचा वाटा वेगळा काढा. त्याला कांद्याचा आणि गाजराचा गोडवा असतो आणि वरून मिरपूड, लिंबू घातलं की तो बेचव लागत नाही. डबल भांडी नाहीत, डबल गॅस नाही.

ताटातल्या भाताकडेही लक्ष द्या. 40 ग्रॅम गूळ चौघांत वाटला तर प्रत्येकी 10 ग्रॅम येतो. दीडशे ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातातून 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. गूळ काढून टाकला आणि भात दोनदा वाढला, तर त्या काढण्याचा उपयोग नाही. किती भात, किती पोळी हे त्यांच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा. रक्तदाब असेल तर सोया सॉस निम्मा करून व्हिनेगर थोडं वाढवा. आंबट वाढलं की मीठ कमी असल्याचं फारसं जाणवत नाही.

घरात मांडीचं चिकन कुणी खात नाही, छातीचंच लागतं. ते दर वेळी कोरडं, दोऱ्या दोऱ्या होतं.
– एक वाचक, वाशी

त्यात चरबी अगदी कमी असते, म्हणून शिजलं आणि जास्त शिजलं यांत दोन-तीन मिनिटांचंच अंतर असतं. अर्धा लिटर पाण्यात 25 ग्रॅम मीठ विरघळवा आणि आख्खे तुकडे त्यात फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा. मिठामुळे मांस पाणी धरून ठेवतं. काढून टिपा, मग धाग्यांच्या आडवे, सव्वा सेंटीमीटर जाडीचे काप करा. वर लावायचं मीठ पूर्ण वगळा. एका बाजूने दीड-दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूने एक, आणि बाहेर काढा. सात-आठ मिनिटं झाकण ठेवायची पायरी इथे नाही. कांदा, गाजर, ढोबळी मिरची सॉसमध्ये शिजवा, गूळ घालून सॉस जवळजवळ आळवा आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांसाठी चिकन घाला. सगळ्यात जाड काप मधोमध कापून पाहा. गुलाबी राहता कामा नये आणि निघणारा रस स्वच्छ हवा. मांस मोजायचा थर्मामीटर असेल तर आतला आकडा 74 अंश. तो आला की लगेच थांबा.

ताजा अननस घालून दोन तास मुरवलं तर चिकनचा लगदा झाला. अननस वाईट होता का?
– एक वाचक, कोपरखैरणे

अननस चांगलाच होता. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. दोन तासांत बाहेरचा थर अक्षरशः पिठासारखा होतो. कच्च्या पपईचं असंच आहे, आणि म्हणूनच ती मटण मऊ करायला चिमूटभरच वापरतात. शिजवल्यावर ब्रोमेलेन निकामी होतं. म्हणून अननस मुरवणीत नको. 150 ग्रॅम फोडी चिकन काढल्यावर कोरड्या तापल्या कढईत दोन मिनिटं भाजून बाजूला ठेवा आणि गुळाच्या वेळी घाला. गूळ 25 ग्रॅमवर आणा, व्हिनेगर निम्मं करा. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, त्याने लगदा होत नाही, पण पाकातला असेल तर पाक टाकून द्या.

याच कढईत तांदूळ टाकून सगळं एकदम शिजवता येईल का?
– एक वाचक, खारघर

या सॉसमध्ये नको. गूळ आणि आंबट दोन्ही असताना दाणा नीट फुलत नाही, वर गोड रस्सा तळाशी बसून भात करपतो. भात शेजारच्या गॅसवर कुकरला लावा.

रात्री जास्त करून दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायचं आहे. सकाळी सॉस एकतर घट्ट गोळा झालेला असतो, नाहीतर पाणी सुटलेलं. आणि ते किती वेळ टिकतं?
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

आधी टिकण्याचं. शिजलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. बाहेर 32 अंशांहून जास्त असेल, म्हणजे एप्रिल-मेच्या आपल्या दुपारी, तर एका तासाच्या आत. पूर्ण गार व्हायची वाट पाहत कढई रात्रभर ओट्यावर ठेवू नका. उथळ डब्यात पसरलं की वीस-पंचवीस मिनिटांत वाफ ओसरते, मग झाकण लावून आत. फ्रिजमध्ये तीन दिवस ठीक राहतं.

घट्ट गोळा होतो तो गूळ, कॉर्नफ्लोअर आणि चिकनमधल्या जिलेटिनमुळे. त्यात वाईट काही नाही. दोन मोठे चमचे पाणी घालून मंद आचेवर झाकून तापवा, पूर्ववत होतो. पाणी सुटण्याची कारणं दोन. एक, कॉर्नफ्लोअर आंबटात खूप वेळ उकळलं की त्याची धरण्याची ताकद जाते, आणि फ्रीझरमध्ये ठेवलं की तर नक्कीच जाते. दुसऱ्या दिवसासाठी करत असाल तर कॉर्नफ्लोअर वगळून सॉस आटवूनच दाट करा. दोन, चव घेतलेला उष्टा चमचा परत कढईत जातो. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं आणि सकाळपर्यंत दाट सॉसचं पाणी होतं. चव घ्यायला चमचा वेगळा ठेवा.

डब्याबद्दल स्पष्ट सांगतो. सकाळी सातला साध्या स्टीलच्या डब्यात भरलेलं चिकन दुपारी एकपर्यंत सहा तास कोमट राहतं, आणि जंतूंना हवी ती हीच ऊब. ऑफिसात फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असेल तर फ्रिजमधून थंडच डबा घ्या, बर्फाच्या पाऊचसकट नेऊन पोहोचल्या पोहोचल्या फ्रिजमध्ये ठेवा आणि जेवताना मधोमध वाफ येईपर्यंत गरम करा. ती सोय नसेल तर चांगला गरम राहणारा थर्मास डबा लागतो. त्यात उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा, ओतून टाका आणि सॉस रटरटत असतानाच चिकन काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. यातलं काहीच जमणार नसेल, तर त्या दिवशी डब्यात दुसरं काही न्या आणि हे चिकन रात्री घरी येऊन खा.